नाउरूबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाउरू या पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेट-देशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘खत विकून आलेला पैसा या आळशी लोकांनी उधळला, आता भोगतायत. त्यांचा एवढा कळवळा कशाला? आणि त्यांची संस्कृती ती काय?’ वाचून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर तिथल्या राज्यकर्त्यांनी विमानं, परदेशातल्या इमारती यांत पैसा घातला आणि तो बुडाला, हे खरं आहे. लेखात मी ते एका ओळीत उरकलं, ती माझी चूक. पण ते खत म्हणजे तिथल्या जमिनीतलं फॉस्फेट, आणि ते बाहेर जायला लागलं १९०७ पासून. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने ते मिळून ताब्यात घेतलं आणि बाजारभावाहून स्वस्तात आपल्या शेतांवर नेलं. बेट अवघं २१ चौरस किलोमीटरचं! फॉस्फेट उपसलं की मागे चुनखडीचे सुळके उरतात, डोक्याच्याही वर जाणारे. तिथे ना घर उभं राहतं, ना माड. क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला चला, असं ऑस्ट्रेलियाने सुचवलं, तर १९६४ मध्ये नाउरूच्या लोकांनी साफ नकार दिला. १९८९ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि १९९३ मध्ये तडजोडीत भरपाई मिळवली. याला आळस म्हणायचं?

आता संस्कृती. बेटाच्या आतल्या भागात बुआडा नावाचं तळं आहे. इबिजा माशाची पिल्लं समुद्रातल्या खडकांवरून धरून आणायची, त्यांना हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावायची, मग तळ्यात सोडून वाढवायची. तळ्यात घराण्याघराण्यांचे वाटे ठरलेले. १९६० च्या दशकात बाहेरून चिलापी आणून सोडली आणि तिने इबिजाची जागा बळकावली. उजनीकाठच्या वाचकांना चिलापीबद्दल वेगळं सांगायला नको.

आणि अंगाम हा तिथला सण. आपली माणसं १५०० च्या खाली गेली तर जमात टिकणार नाही, असं मानलं जात होतं. २६ ऑक्टोबर १९३२ ला ती संख्या भरली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेलं. जानेवारी १९४६ मध्ये परतले ७३७. १९४९ मध्ये आकडा पुन्हा १५०० वर गेला. दरवर्षी २६ ऑक्टोबरला हा अंगामचा दिवस तिथे अजून साजरा होतो.