भोक पाडल्याशिवाय फिश फाइंडर बसत नाही? बसतो की!

गेले दोन महिने आमच्याकडच्या गळवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मूळ कुणी लिहिला देव जाणे, पण 'अनुभवाचे बोल' म्हणून जो तो पुढे ढकलतोय. त्याचा सारांश असा: कयाकला, म्हणजे वल्हवायच्या छोट्या अरुंद होडीला, फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि खालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) लावायचा तर ड्रिल मारावंच लागतं. चिकटवलेलं उन्हात सुटतं. ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा भाग, कयाकच्या पोकळ पोटात ठेवला तर प्लास्टिक सिग्नल अडवतं. बाहेर दांडीला लावला तर वल्हं अडकतं. वायर आत घ्यायला भोक लागतंच. तेव्हा चार स्क्रू मारा, वरून सिलिकॉन फिरवा, विषय संपला.

गेल्या रविवारी जुळे सोलापुरातल्या एका मित्राचा फोन. "सहाचं बिट लावू का आठचं?" नवीकोरी कयाक अंगणात पालथी घातलेली, पेन्सिलीने खुणा झालेल्या. मी म्हटलं, "ड्रिल खाली ठेव बे आधी." त्याने ठेवलं. पण असे किती जण फोन करणार? म्हणून हे लिहितोय.

चिकटवलेलं सुटतं, हे त्या मेसेजमधलं एकमेव खरं वाक्य. कारण मात्र फक्त ऊन नाही. वर बसून चालवायच्या बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि त्या रोटोमोल्डिंगने बनतात. म्हणजे साच्यात पावडर टाकायची, साचा तापवत फिरवायचा. ओळखीचं वाटतंय? आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी अगदी अशीच बनते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकीचं प्लास्टिक कसं असतं हे कुणाला सांगायला नको. तडा गेला म्हणून दोन ट्यूबांचा इपॉक्सी थापून बघितलाय ना? आठवड्यात खपली निघावी तसा निघतो. पॉलिथिलीनचा पृष्ठभागच असा मेणचट की बहुतेक गोंद त्याला धरतच नाहीत. रबरी सक्शन कपचंही तेच. डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या बाजूला, खरखरीत नक्षी असते, त्यात मे महिन्यातलं ४२-४३ डिग्रीचं ऊन. कपाखाली राहिलेली हवा फुगते, रबर मऊ पडतं आणि सकाळी गच्च बसलेला कप अकरा वाजता पाण्यात.

इथवर मान्य. पण चिकटत नाही म्हणून भोक पाडा, ही उडी कुठून आली? गोंद आणि स्क्रू यांच्यामध्ये बांधणं, अडकवणं आणि नुसतं ठेवणं एवढं सगळं शिल्लक आहे. कयाकला कारखान्यातूनच दोरी ओवायच्या कड्या असतात, सीटच्या मागे गळ उभा करायची नळकांडी असतात, काहींना दोन्ही कडांना पट्टीची खाच असते. मी स्क्रीनसाठी घरातला भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा पाट घेतला. त्याचं घरात काय झालं ते वेगळं सांगेन. स्क्रीनचं स्टँड त्या पाटावर स्क्रूने पक्कं केलं. स्क्रू मारायची हौस पाटावर फेडा की! पाट गुडघ्यांच्या पुढे ठेवून दोन बाजूंच्या कड्यांना नायलॉनच्या बकलच्या पट्ट्यांनी आवळला. तीन हंगाम झाले. घरी येताना दोन बकलं सोडली की स्क्रीन, पाट सगळं पिशवीत. स्क्रीनला मात्र एक दोरी स्वतंत्र बांधा. कयाक उलटली तर ती दोरीच कामाला येते.

आता प्लास्टिक सिग्नल अडवतं या मुद्द्याकडे. हा अर्धवट ऐकीव माहितीचा नमुना आहे, म्हणून जरा सविस्तर.

ट्रान्सड्यूसर आवाज सोडतो. साध्या फिश फाइंडरमध्ये तो साधारण २०० किलोहर्ट्‌झचा असतो, म्हणजे आपल्या कानापलीकडचा. पाण्यात आवाज सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर पळतो. तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. या आवाजाचा खरा वैरी प्लास्टिक नाही, हवा आहे. घन किंवा द्रव पदार्थातून निघालेला आवाज हवेच्या थरावर आला की जवळजवळ सगळा मागे फिरतो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर ते गार, चिकट जेल का लावतात? कातडी आणि यंत्र यांच्यामधली हवा घालवायला. कातडी तीच, यंत्र तेच, पण जेल नसेल तर पडद्यावर काही दिसत नाही. पॉलिथिलीन तर आवाजाच्या बाबतीत पाण्याच्या बरंच जवळचं, त्यामुळे एकसंध भिंतीतून तो बऱ्यापैकी पार होतो.

म्हणजे ज्याने ट्रान्सड्यूसर कयाकच्या पोटात नुसता कोरडा ठेवला, त्याला काहीच दिसलं नसणार. त्याने दोष दिला प्लास्टिकला.

स्वतःच करून बघा, खर्च शून्य. दुधाच्या रिकाम्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवा आणि कयाक पाण्यात असताना पिशवी पोटातल्या तळावर दाबून धरा. पिशवीखालीही पेलाभर पाणी ओता. मी हे मोहोळकडच्या एका ओळखीच्या शेततळ्यात केलं. शेततळं अशासाठी की तळाला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, जमीन सपाट, खोली सगळीकडे सारखी. गाठी मारलेल्या सुतळीला दगड बांधून मोजलं तर साडेचार मीटर. ट्रान्सड्यूसर बाहेर पाण्यात धरला तेव्हा आकडा ४.५. पोटातल्या पिशवीतून ४.४. मधल्या दहा सेंटीमीटरवर कुणाला भांडायचं असेल त्याने भांडावं.

कायमची सोय अशी: मुलांच्या खोलीत अंथरतात त्या फोमच्या जाड चटईचा तुकडा घ्या, मधोमध ट्रान्सड्यूसरच्या आकाराची खिडकी कापा. तुकडा पोटात, सीटच्या जवळपास, तळ सपाट आहे तिथे बसवा. इथे गोंद चालतो, वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा घ्या, कारण इथे त्याच्यावर ओढ नाही, फक्त पाणी झिरपू द्यायचं नाही. खिडकीत दोन बोटं पाणी ओता, ट्रान्सड्यूसर बुडवा, अंगठ्याने चोळून बुडबुडे काढा. काही जण पाण्याऐवजी व्हॅसलीन भरतात. आपल्याकडे नको. उन्हात तापलेल्या कयाकमध्ये त्याचं तेल होतं.

यात तोटे आहेत, लपवत नाही. आवाजाची थोडी ताकद जाते. पण यंत्राची पोच शे-दोनशे मीटरची आणि आपण वल्हवतो दहा-बारा मीटरवर, तेव्हा ती गेलेली ताकद जाणवत नाही. पाण्याचं तापमान उशिरा आणि चुकीचं दिसतं, कारण तो बिचारा प्लास्टिकचं तापमान मोजत असतो. साइड स्कॅन, डाउन स्कॅन असले जास्त किलोहर्ट्‌झचे प्रकार पोटातून नीट चालत नाहीत, ते बाहेरच हवेत. आणि तळाच्या दोन थरांमध्ये फोम किंवा हवा असलेली कयाक असेल, तर हा उद्योग करूच नका. हवा भरायच्या कयाकमध्येही नाही. तसं बघितलं तर हवेच्या कयाकवाल्यांनी या मेसेजचं करायचं काय? ड्रिल मारायचं?

मग बाहेरची दांडी. मेसेज म्हणतो वल्हं अडकतं. पुढे, गुडघ्यापाशी लावली तर अडकणारच! वल्ह्याचा फटका पायाकडून सुरू होऊन कमरेपाशी संपतो, दांडी कमरेच्या मागे लावा. सीटमागचं गळाचं नळकांडं त्यासाठीच देवाने दिलंय असं समजा. त्यात मावेल असा पाइप, एक एल्बो, खाली ट्रान्सड्यूसर, तोंड सरळ तळाकडे आणि पाण्याखाली चार बोटं. प्लंबिंगच्या दुकानात सामान मिळतं, आणि गिऱ्हाईक हे कशासाठी नेतंय हे दुकानदाराला कळत नाही, त्याचीही एक गंमत असते. एक जोड मुद्दाम हाताने आवळण्यापुरताच ठेवा. का ते सांगतो.

उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला जवळजवळ ६४ मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये जातं हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. तेव्हा पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, आणि जे उघडं पडत नाही ते पाण्याखाली हातभरावर असतं: जुन्या भिंती, विहिरींचे काठ, बाभळीची खोडं. वर नदीतून वाहत आलेली जलपर्णी आणि मच्छीमारांची जाळी. दांडी कशाला तरी अडणारच. जोड सैल असेल तर ती मागे झुकते, नसेल तर मोडते किंवा जाळं फाडते. गेल्या वर्षी माझी दांडी एका जाळ्यात गुंतली. जाळ्याचे मालक शेजारीच होडीत होते. "मामा, चुकलं," म्हटलं. मामांनी शांतपणे जाळं सोडवलं, ट्रान्सड्यूसर हातात घेऊन उलटापालटा बघितला आणि विचारलं, "हे मासा दावतंय, मग तू रिकामा कसा?" उत्तर नव्हतं. चिलापी त्यांच्या होडीत होती.

कयाकच्या तळातून आरपार जाणारी पाणी निथळायची भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. काही मॉडेलमध्ये तिथेच ट्रान्सड्यूसरची खोबण दिलेली असते. असेल तर वापरा. पण काठावरच्या मुरमातून कयाक ओढत नेणाऱ्यांनी आधी ती उचलायला शिकावं.

वायरीच्या भोकाबद्दल फार लिहावं असं त्यात काही नाही. ट्रान्सड्यूसर दांडीवर असेल तर वायर बाहेरूनच येते. पोटात असेल तर रबरी झाकणाच्या कडेखालून निघते, चार थेंब आत जातात, ते स्पंजने टिपायचे. बॅटरी पोटात कशाला? कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून सीटमागे बांधा. वजन दोन-अडीच किलो. चार-पाच इंची स्क्रीन साधारण अर्धा अँपिअरच्या आत खाते, तेव्हा बॅटरी अर्धीच वापरली तरी सकाळ सहज निघते. तीन अँपिअरचा फ्यूज मात्र घाला. ज्याला एवढंही नको, त्याच्यासाठी दोरीला बांधून पाण्यात सोडायचा वायरलेस गोळा आहे. वजन १०० ग्रॅमच्या आसपास, चित्र मोबाइलवर. उन्हात मोबाइलची स्क्रीन दिसत नाही, ही त्याची रड.

राहिलं सिलिकॉन. मेसेजमधला हा सगळ्यात घातक सल्ला, कारण तो ऐकून कयाक लगेच बुडत नाही. पुन्हा टाकी आठवा. प्लंबर टाकीला नळ जोडताना सिलिकॉनच्या भरवशावर राहतो का? टँक निपल घालतो, रबरी वायसर लावतो आणि नट आवळतो. दाबाने पाणी थांबतं, गोंदाने नाही. सिलिकॉन पॉलिथिलीनला धरत नाही. ते वर साय धरल्यासारखं बसतं आणि खालून पाणी झिरपत राहतं. बंद पोटात दहा-पंधरा लिटर साचेपर्यंत कळत नाही. मग ते पाणी एका कुशीवर पळतं आणि वाऱ्याची एक झुळूक पुरते. उजनीचा वारा काय करतो हे आपण बघितलंय. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या बोटीचा आणि ड्रिलचा काही संबंध नाही. पण दुपारनंतर ढग आले की काठ गाठायचा आणि लाइफ जॅकेट सीटवर नाही, अंगात ठेवायचं, हे यानिमित्ताने सांगून ठेवतो.

भोक पाडणं पापच आहे, असंही माझं म्हणणं नाही. दर आठवड्याला पाण्यात जाणारा, कयाक विकायचा विचार नसलेला माणूस डेकवर, पाण्याच्या रेषेच्या बराच वर दोन भोकं पाडून पट्टी बसवतो, तर बसवू दे. आतून मोठा वायसर आणि नट, मध्ये ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), आणि भोकाची कड गुळगुळीत, नाहीतर तिथूनच तडा सुरू होतो. मित्रालाही हेच सांगितलं. त्याने पाट मागवलाय. तरी ड्रिल हातात घ्यायचंच असेल तर आधी झाकण उघडून आत हात घाला आणि खूण केलेल्या जागेच्या मागे काय आहे ते चाचपा. नट धरायला हात तिथवर पोचत नसेल, तर ती जागा चुकलेली आहे.