‘पायरसी’च्या त्या लाल स्क्रीनबद्दल खुलासा

डिचोली-साखळीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट फिरतोय. काळ्या-लाल पडद्यावर विद्रूप चेहरा, खाली पायरसी, म्हणजे खेळाची चोरीची प्रत, पकडल्याचा इशारा. सोबत मजकूर, ‘हे दिसलं तर मुलाचं नाव पोलिसांकडे गेलं, दंड भरावा लागणार.’ परवा मीही तो पुढे पाठवला होता. ती माझी चूक, माफ करा.

तो पडदा ‘फ्रायडे नाइट फंकिन’ या गाण्याच्या तालावर बटणं दाबायच्या कॉम्प्युटर गेमच्या एका मोडमधला, म्हणजे चाहत्यांनी बदलून बनवलेल्या आवृत्तीतला आहे. काल भाच्याच्या लॅपटॉपवर इंटरनेट बंद करून आम्ही तो मोड लावला, तरी चेहरा त्याच ठिकाणी, त्याच तालावर आला, म्हणजे तो बाहेरून कोणी पाठवत नाही. बाणांची बटणं दाबत राहिलो, गाणं संपलं आणि मेनू परत आला. मूळ खेळ 2020 मधला. त्याचा कोड खुला असल्याने चाहते स्वतःची गाणी, पात्रं घालून मोड बनवतात. हा त्यांतलाच एक, मुद्दाम घाबरवणारा.

चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं गुन्हा आहेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी मध्ये किमान सात दिवस कैद आणि 50 हजारांपासून दंड सांगितलाय. पण ती शिक्षा कोर्ट देतं, गेमचा पडदा नाही. पडदा दाखवून कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

भाचा दोन रात्री नीट झोपला नव्हता. तेवढ्यासाठी तरी जुना मेसेज डिलीट करा, पुढे पाठवू नका.