एचआयव्हीवाल्यांनी संसार करू नये म्हणे!

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर लाल रिबन, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: एचआयव्हीचा माणूस दहा वर्षांपलीकडे जगत नाही, गोळ्यांनी मरण लांबतं, पण हातपाय जातात, अशानं लग्न करणं म्हणजे दुसऱ्याचा जीव घेणं, त्याचं ताट-पेला वेगळं ठेवा, आणि विधवा असेल तर तिनं देवाचं नाव घेत राहावं.

त्या शेवटच्या ओळीतली विधवा मी. माझा पहिला नवरा ट्रकवर होता, नागपूर-हैदराबाद रोडवर. २००३ मध्ये गेला. मोफत एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) देशात सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, तीही आधी मोजक्याच सरकारी दवाखान्यांत. तेव्हा ‘दहा वर्षं’ हा आकडा हवेतून आलेला नाही. औषधच नसेल तर लागण झाल्यापासून एड्सपर्यंत साधारण तेवढाच काळ जातो. माझ्या नवऱ्याला तो आकडा लागू होता. आज वेळेवर गोळी सुरू केलेल्या माणसाचं आयुष्य इतरांच्या जवळपास जातं. २०१७ पासून तर सीडी-फोर (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी) किती आहेत ते न बघता, निदान झालं की लगेच औषध सुरू करायचं धोरण आहे. मेसेजवाल्याचं घड्याळ त्याच्या आधीच बंद पडलंय.

‘हातपाय जातात’ हे मात्र मी साफ खोटं म्हणणार नाही, कारण माझे पाय त्याला साक्ष आहेत. सुरुवातीला माझं रक्त फार कमी होतं. झिडोव्ह्युडीन या एआरटीतल्या औषधानं रक्त आणखी उतरतं, म्हणून मला त्याऐवजी स्टॅव्ह्युडीनची गोळी दिली. आमच्याकडच्या बायकांत रक्त कमी नसलेली दाखवा! त्या गोळीनं मी जगले, आणि त्याच गोळीनं तळपायाच्या नसा गेल्या, गाल बसले. रात्री पायांची आग होते, कापूस वेचताना ढेकूळ लागलेलं कळत नाही, चप्पल निसटते ती मागून येणारी बाई सांगते. पण हे एका औषधाचं काम होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच ते टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. आता दिवसाला एकच गोळी असते: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन, डोल्युटेग्राव्हिर. तिच्यावरही लक्ष ठेवावं लागतं, किडनी तपासावी लागते, वजन वाढू शकतं. माझ्या पायांचा दाखला देऊन कुणी आजच्या पोराला गोळीपासून लांब ठेवत असेल, तर माझी त्याला हरकत आहे.

बरं, या पायांना सरकार अपंग मानतं का? २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, एचआयव्ही त्यात नाही. चालण्यातली अडचण ४० टक्के भरली तर लाभ. आग टक्क्यांत कशी मोजणार? माझे भरले नाहीत.

आता लग्न. ‘दुसऱ्याचा जीव घेणं’ हे वाक्य माझ्या दुसऱ्या नवऱ्यानंही वाचलं. तो निगेटिव्ह आहे. पाट लावायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं, काउन्सेलर मॅडमपुढे बसवलं. त्यानं एवढंच विचारलं, “तुमी गोया घेता न रोज? मंग झालं.” माणूस अडाणी, पण त्यानं नेमकी गोष्ट विचारली. गोळी रोज चालू आहे, सुरू होऊन सहा महिने तरी झाले आहेत आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही, अशा माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी ८८८ जोडपी होती. कंडोमविना सुमारे ५८,००० वेळा संबंध आले, आणि उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. हा निकाल २०१६ चा. त्याआधी २०११ मध्ये ज्या मोठ्या अभ्यासानं उपचारानं लागण थांबते हे दाखवलं, त्यात आपल्या पुण्यातलीही जोडपी होती.

गोळीत खंड पडला तर हे सगळं लंगडं पडतं, हेही खरं. २०२२ मध्ये डोल्युटेग्राव्हिरचा तुटवडा झाला तेव्हा रुग्ण दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, दारात धरणं धरून बसले होते. एवढीच काळजी असेल तर गोळ्यांच्या साठ्याबद्दल मेसेज पाठवा ना!

कायद्याचं म्हणाल, तर १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एचआयव्ही असलेल्याच्या लग्नाच्या हक्काविरुद्ध शेरे मारले होते. डिसेंबर २००२ मध्ये त्याच कोर्टानं ते बाजूला ठेवले. जोडीदाराला आधी सांगायचं, ही जबाबदारी आहेच. मी ती टाळली नाही.

ताट, पेला, डास, संडास: यातून लागण होत नाही. पुढे.

एक गोष्ट मेसेजात नाही. एचआयव्ही असलेल्यांना एसटी मोफत आहे. पण ते प्रमाणपत्र कंडक्टरला दाखवलं की मागच्या सीटपर्यंत बातमी जाते, म्हणून मी तिकीट काढते. २०१७ च्या कायद्यानं परवानगीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करायला बंदी आहे, पण भरल्या गाडीत तो कायदा कोण वाचून दाखवणार?

आणि देवाचं नाव मी घेतेच, नवऱ्यासोबत बसून घेते. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एक करावं. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, तोही फुकट आहे. दुसऱ्याच्या लग्नाची चिंता करण्याआधी स्वतःचा रिपोर्ट माहीत करून घ्या. माझ्या पहिल्या नवऱ्यालाही स्वतःचा माहीत नव्हता.