29 टक्क्यांचा अर्धवट हिशेब

"पदवीधर 29 टक्के बेकार, निरक्षर फक्त 3 टक्के. बारावीनंतर कॉलेजवर पैसे घालू नका, पोरांना कामाला लावा. मुलींवर तर अजिबात खर्च नको." हा मेसेज नात्यातल्या एका घरात पोहोचला आणि मुलीचा प्रवेश अर्ज अडला. आता गप्प बसवत नाही.

आकडे खरे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारत रोजगार अहवालात (2024) ते दिलेत: 2022 साली पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत 3.4. पण हे 15 ते 29 वयोगटाचे आकडे; मेसेजने वय गाळलं. शिवाय बेकार कोणाला धरतात? काम नाही आणि शोधतोय, त्याला. बापाच्या शेतात बिनपगारी राबणारा मुलगा या मोजणीत रोजगारात धरला जातो. नाक्यावर मिळेल ते काम करणाराही. गरीब, निरक्षर पोराला मनाजोग्या कामाची वाट बघत घरी बसणं परवडत नाही, म्हणून तो आकडा लहान. त्यातून त्याची कमाई किती, हे कळतच नाही. पदवीधर परीक्षा देत थांबू शकतो. वय वाढतं तशी त्यांच्यातली बेकारीही उतरते.

मुलींबद्दलचं वाक्य सगळ्यात घातक, आणि महाराष्ट्रात तर चुकीचंही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. प्रवेश मात्र कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात की सवलत गेली, आणि घरं नेमकी इथेच फसतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरा. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो वेगळा धरा.

"बारावीवर सरकारी नोकरी मिळते," असंही ऐकवतात. पोलीस शिपाई भरतीला बारावी चालते. तलाठी, बँक क्लार्क, राज्यसेवा, तिन्हींना पदवी लागते.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: नोकरी नाही म्हणून एम.ए.ला नुसतं नाव घालून ठेवण्यात वर्षं वाया जातात. पण त्यावर उपाय शिक्षण सोडणं हा नाही. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड केला, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. तिथून डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्याही. ज्याला आजच कमवावं लागतंय, त्याला नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून काम करता करता पदवी घेता येते.