गळ्यात तीन किलो की खिशात तीनशे ग्रॅम?

"प्रवासाला कॅमेरा कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक गट म्हणतो, घ्यायचा तर मोठाच घे, खिशातला कॅमेरा म्हणजे खेळणं. दुसरा म्हणतो, मोबाइल आहे ना, कशाला ओझं वाहतोस. दोघंही बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, भांडतात. लेन्सचं नाव कुणी काढत नाही, आणि खरा घोळ तिथेच असतो.

आधी सेन्सरची, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चिपची, मापं बघू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजीचा एपीएस-सी हा मधल्या आकाराचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. खिशातल्या चांगल्या कॅमेऱ्यांत जो 'एक इंची' सेन्सर असतो तो १३.२ बाय ८.८ (मोजून बघा, त्यात एक इंच कुठेच सापडत नाही, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलंय). क्षेत्रफळात एपीएस-सी एक इंचीच्या तिपटीहून थोडा मोठा, फुल फ्रेम सातपटीहून मोठा. इथवर मोठ्या कॅमेऱ्यावाल्यांचं म्हणणं बरोबर.

आता त्या सेन्सरपुढे लेन्स लावा. निकॉन झेड ५० बरोबर मिळणारी १६-५० ची किट लेन्स घ्या. तिचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, एफ ३.५ ला सुरू होतं आणि झूम केलं की एफ ६.३ वर जातं. समोर ठेवा कॅनन जी७ एक्स मार्क ३. एक इंची सेन्सर, ३०४ ग्रॅम, ३५ एमएमच्या हिशेबात (म्हणजे फुल फ्रेमवर जेवढं दिसेल त्या मापात) २४ ते १०० ची लेन्स, एफ १.८ ते २.८. दोन वेगळ्या सेन्सरची तुलना करायची तर अपर्चरच्या आकड्याला क्रॉप फॅक्टरने (सेन्सरचा कर्ण फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान, त्या आकड्याने) गुणायचं, एपीएस-सीला १.५ ने आणि एक इंचीला २.७ ने. किट लेन्सचे आकडे होतात ५.२५ आणि ९.५. कंपॅक्टचे, म्हणजे खिशातल्या कॅमेऱ्याचे, होतात ४.९ आणि ७.६. आकडा जितका लहान, तितका फोटोला मिळणारा एकूण प्रकाश जास्त. म्हणजे खिशातला कॅमेरा किट लेन्स लावलेल्या मोठ्या सेन्सरच्या मागे नाही, उलट जरा पुढेच आहे. वजन मात्र तिकडे बॉडी आणि लेन्स मिळून ५८५ ग्रॅम.

याची परीक्षा घ्यायला अजिंठ्यासारखी जागा नाही. चित्रं असलेल्या लेण्यांत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय लावता येत नाही. १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिल्यावर हातात धरून जे जमेल तेच. तिथे एफ १.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणा येतो) १६०० वर जो शटर स्पीड मिळतो, तोच एफ ३.५ ला मिळवायला आयएसओ जवळपास ६४०० करावा लागतो. थोडं झूम केलं की आणखी वर. मग घरी येऊन लोक म्हणतात, "कॅमेरा महाग घेतला पण आतले फोटो दाणेदार आले." येणारच. पैसे बॉडीत घातले आणि लेन्स डब्यातलीच ठेवली.

उपाय अगदी साधा आहे. त्याच झेड ५० वर २४ एमएम एफ १.७ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावा, तिचं वजनही किट लेन्सइतकंच, १३५ ग्रॅम. गुणाकार केला की २.५५ येतो, म्हणजे किट लेन्सच्या चौपट प्रकाश. झूम गेलं, पण लेण्यात झूम करण्यासारखं फार नसतंच, दोन पावलं मागेपुढे व्हायचं असतं. एपीएस-सी घेणाऱ्याने किट लेन्सनंतर दुसरी लेन्स म्हणून लगेच टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घेऊ नये, अशी एक प्राइम घ्यावी. टेलीचा मोह सगळ्यांना होतो, कारण दुकानात उभं राहून समोरच्या इमारतीची खिडकी जवळ आणून बघता येते.

बॉडी धूड दिसते म्हणून आत सेन्सर मोठा असेलच असंही नाही. निकॉन पी१००० चं वजन १४१५ ग्रॅम, झूम ३००० एमएमपर्यंत, आणि सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. चंद्राचे फोटो झकास येतात. संध्याकाळच्या बाजारात तोच कॅमेरा हात टेकतो.

वजन मोजताना लोक फक्त बॉडीचा आकडा वाचतात. पूर्ण संच तराजूवर ठेवा. निकॉन डी७५० बॅटरीसकट ८४०, २४-७० एफ २.८ व्हीआर लेन्स १०७०, ७०-२०० एफ २.८ एफएल लेन्स १४३०. झाले ३३४० ग्रॅम. चार्जर, जादा बॅटरी, फिल्टर आणि गादीवाली बॅग धरली की साडेचार किलोच्या पुढे. देशांतर्गत विमानात केबिनला साधारण ७ किलो चालतात, आणि जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या सोबतच न्याव्या लागतात, टोकांवर टेप लावून किंवा डबीत घालून. उरलेल्या अडीच किलोत कपडे बसवा.

आणि गडावर? कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर गळ्यातला डीएसएलआर (आरशाचा मोठा कॅमेरा) प्रत्येक पायरीला आपटतो. हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर दोन्ही हात खाचांत लागतात. तिथे कॅमेरा सॅकमध्ये जातो आणि एकदा आत गेला की माथ्यावर पोचेपर्यंत बाहेर येत नाही. वाटेतले सगळे फोटो मोबाइलवर. कमरेच्या पाउचमधला कंपॅक्ट निदान प्रत्येक थांब्याला हातात येतो. मोठाच न्यायचा असेल तर गळ्याचा पट्टा काढा आणि सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बसणारा क्लिप लावा. कॅमेरा छातीशी घट्ट राहतो, मानही दुखत नाही. शिडी आली की तरीही आत ठेवा.

मग मोठा कॅमेरा लागतो कुठे? जिथे विषय लांब आहे, पळतोय आणि उजेड कमी आहे, असं तिन्ही एकदम असतं तिथे. वारीतलं रिंगण घ्या. आषाढाचं ढगाळ आभाळ, अश्व धावतोय, गर्दीमुळे पुढे सरकता येत नाही. शटर १/१००० च्या खाली आणलं तर पाय पुसट होतात. इथे ७०-२०० एफ २.८, सलग फोकस आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर याला तोड नाही. पण त्याच वारीत दिंडीबरोबर चालताना, विसाव्याच्या ठिकाणी, फुगडीच्या रिंगणात तीच तोफेसारखी लेन्स बाहेर काढा, समोरची मावशी फुगडी थांबवून पदर सारखा करते. लहान कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही. दिवे घाटातला तो नेहमीचा वरून घेतलेला फोटो तर मोबाइलवरही येतो, तिथे प्रश्न कॅमेऱ्याचा नसून पहाटे जाऊन जागा धरण्याचा आहे.

दुसरी जागा ताडोबा. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तेव्हा काहीतरी न्यावंच लागतं. डी७५०० वर २००-५०० एफ ५.६ लावली की तीन किलो. जिप्सीत मोनोपॉड उघडायला जागा नसते. रिकामी बीन बॅग न्या, गेटजवळच्या गावात दोन किलो तांदूळ घेऊन भरा, येताना तांदूळ कुणाला तरी देऊन टाका. तीन किलो नको असतील तर सोनी आरएक्स१० मार्क ४: १०९५ ग्रॅम, २४ ते ६००, एफ २.४ ते ४. तोच गुणाकार केला तर टोकाला १०.८ येतात, मोठ्या जोडीचे ८.४. म्हणजे फरक पाऊण स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि वजन जवळपास एक तृतीयांश. वर्षातून एकदा जंगलात जाणाऱ्याने यापुढचं काही विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पक्षी टिपणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना कुणी समजावू शकत नाही.

तुम्ही नक्की कशात मोडता हे अंदाजाने ठरवू नका. मागच्या दोन-तीन सहलींचे, स्वतःला आवडलेले शंभरेक फोटो एका फोल्डरमध्ये टाका. विंडोजवर डीटेल्स व्ह्यू लावा, वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून मोअरमध्ये '३५ एमएम फोकल लेंथ' हा रकाना निवडा आणि त्यावर सॉर्ट करा. बहुतेक फोटो २४ ते ३५ मध्ये आणि दिवसाउजेडी असतील तर नवीन काही घेऊच नका, मोबाइल पुरे. बरेचसे १०० च्या आत असतील आणि त्यात देवळं, घरं, संध्याकाळी असतील तर मोठ्या अपर्चरचा कंपॅक्ट. २०० च्या पुढचे पंधरा-वीस निघाले तरच टेलीचा विचार. एक सावधगिरी: एपीएस-सीवर १८-५५ वापरणाऱ्यांचे बरेच फोटो ८२ वर (५५ गुणिले १.५) दिसतात. ते लेन्सचं टोक आहे, आवड नव्हे. तिथे हात अडकत होता, इतकाच त्याचा अर्थ.

कंपॅक्टची दुखणीही नीट सांगायला हवीत. जी७ एक्स मार्क ३ ला व्ह्यूफाइंडरच नाही. रायगडावर भर दुपारी स्क्रीनवर काही दिसत नाही, मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, चालू ठेवायचा आणि त्याच्या उजव्या टोकावर नजर ठेवायची. बॅटरी अडीचशे फोटोंच्या आसपास दम तोडते. डी७५०० सारखा डीएसएलआर एका चार्जवर ९५० काढतो, कारण आरशातून बघायला वीज लागत नाही. कंपॅक्टला तीन बॅटऱ्या धराच. लडाखच्या थंडीत त्या आणखी लवकर उतरतात, तेव्हा जादाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. पॉवर बँकेवर भिस्त असेल तर घरीच लावून बघा, काही कॅमेरे पीडीवाल्या (पॉवर डिलिव्हरी हे जलद चार्जिंग असलेल्या) पॉवर बँकेशिवाय चार्ज होत नाहीत.

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे नळीसारखी बाहेर येणारी लेन्स. आत-बाहेर करताना ती हवा ओढते, हवेबरोबर धूळ. कोकणात किंवा गोव्यात वाळूवर बसून कॅमेरा चालू केला की दोन कण नळीच्या फटीत बसतात, मोटर अडते आणि स्क्रीनवर लेन्स एरर येतो. जोर लावून आत ढकलू नका, दातेरी चाकं तुटतात. बंद करा, तोंड खाली धरून ब्लोअर मारा, मग चालू करून बघा. धूळ सेन्सरपर्यंत गेली तर कंपॅक्ट उघडावा लागतो. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स काढून तोच ब्लोअर मारला की बहुतेक वेळा काम होतं.

पावसाचं म्हणाल तर 'वेदर सील्ड' बॉडी घेऊन निर्धास्त राहणाऱ्यांनी लेन्स काढून तिच्या माउंटभोवती रबराची कडी आहे का ते बघावं. स्वस्त किट लेन्सना ती बहुधा नसते आणि पाणी तिथूनच शिरतं. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात हा वाद सोडा आणि ओएम सिस्टमचा टीजी-७ न्या, पाण्याखाली १५ मीटर चालतो. सेन्सर बारीक आहे, उजेड कमी झाला की फोटो मऊ पडतात, पण मायक्रोस्कोप मोडमध्ये एक सेंटिमीटरवरून फोकस होतो. कास पठारावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची चिकट टोकं टिपायला वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही. बॅटरीचं दार लावताना रबरावर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे प्रत्येक वेळी बोट फिरवून बघा.

एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा झिप पिशवीत बंद करूनच उतरा आणि वीसेक मिनिटं उघडू नका, मग बाष्प पिशवीवर धरतं, काचेवर नाही. घरी आल्यावर चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत.

आणि ती टेली लेन्स विकत घ्यायच्या ऐवजी तीन दिवस भाड्याने घ्या. ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, परत करा. झूम पूर्ण फिरवा, स्टॅबिलायझर चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र ठरतं का ते बघा, दोन्ही टोकांना पाच-पाच फोटो काढून तिथेच मोठे करून तपासा. आधीचे ओरखडे दुकानदारासमोरच मोबाइलवर टिपून ठेवा, मग अनामत द्या.