खुलासा : ऑस्कर-७ कोणी दुरुस्त केलेला नाही

‘२१ वर्षं बंद पडलेला उपग्रह शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून दुरुस्त केला’ असा मेसेज सध्या फिरतोय. उपग्रह खरा, वर्षंही बरोबर. दुरुस्ती मात्र झालेलीच नाही.

हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचा, ऑस्कर-७ हा १५ नोव्हेंबर १९७४ला सुटला. १९८१मध्ये त्याची निकेल-कॅडमियम बॅटरी आतून शॉर्ट झाली. सौर पॅनेलची वीज त्या शॉर्टमध्येच जिरायची, रेडिओपर्यंत पोचायचीच नाही. २१ जून २००२ला त्याचा मोर्स संदेश अचानक पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी पुढे कधीतरी ‘ओपन’ झाली असावी, म्हणजे तिच्यातून वीज जाण्याचा मार्गच तुटला असावा आणि पॅनेलची वीज रेडिओला मिळू लागली असावी, हे त्याचं मान्य स्पष्टीकरण. म्हणजे जुन्या बिघाडावर नव्या बिघाडाने मात केली! श्रेय द्यायचंच तर त्या नव्या बिघाडाला द्या.

आता तो निव्वळ उन्हावर चालतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की गप्प. बाहेर आला की शून्यापासून सुरू, तोही ‘ए’ मोडमध्ये की ‘बी’मध्ये (संदेश घेण्या-पाठवण्याच्या फ्रीक्वेन्सींच्या दोन जोड्या), याचा नेम नाही. त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलताना आपल्या रेडिओची पॉवर कमीच ठेवा. कोणी जोर लावला की व्होल्टेज खचतं आणि सगळ्यांचेच आवाज डळमळतात.