कागदावर अनाथ झालेली मुले

नेपाळमधील मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून कुठे जाऊ, असे विचारणाऱ्यांना मी हल्ली आधी एकच विनंती करतो: अनाथालयात दोन आठवडे राहून मुलांना खेळवण्याचा आणि शिकवण्याचा कार्यक्रम निवडू नका.

१९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईवडिलांना दलालांनी मुलांना काठमांडूत चांगल्या शाळेत घालण्याचे वचन दिले आणि त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेतले. मुले मात्र ‘अनाथ’ म्हणून बालगृहांत पोहोचली, कारण परदेशी पाहुण्यांच्या देणग्या आणि स्वयंसेवकांचे शुल्क अनाथांच्या नावावरच येत होते. कुणाला बळजबरीने नेले नाही, मग ही तस्करी कशी, असे विचारणारे भेटतात. परंतु शोषणाच्या हेतूने मूल नेले असेल, तर बळजबरी किंवा फसवणूक झालेली नसली तरी ती तस्करीच ठरते, असे मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार, पालेर्मो प्रोटोकॉल, सांगतो.

मी नेपाळमध्ये अशा मुलांना पुन्हा घरी पोहोचवणाऱ्या एका लहान संस्थेच्या कार्यालयात फायली लावण्याचे काम केले. एका मुलाच्या फायलीत वडिलांचा मृत्यूचा दाखला होता आणि त्याच्याच मागे मुलाला स्वाधीन करताना वडिलांनी उठवलेला अंगठा होता. अंगठ्याची तारीख मृत्यूनंतर चार महिन्यांची होती. ही विसंगती मी दाखवून दिली, पुढचे सारे संस्थेत काम करणाऱ्या एका दिदींनी केले. त्या विमानाने हुमलाचे मुख्य ठिकाण असलेल्या सिमिकोटला आणि तेथून पायी गावात गेल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलल्या, घरी मुलाला धोका नाही ना आणि शाळा जवळ आहे ना याची खात्री केली, आणि मगच त्यांनी आईचा फोन जोडून दिला. आई बोलू लागली, पण सात वर्षे कानावर न पडलेली तिची बोली मुलाला कळेना. दिदी एकेक वाक्य नेपाळीत सांगत होत्या आणि तो फोन दोन्ही हातांनी धरून नुसता ऐकत होता.

त्यानंतरही भेटीगाठी, शाळेचा खर्च आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा राहतोच. तो झाला नाही, तर त्याच गरिबीच्या दाराशी दलाल पुन्हा येऊन उभा राहतो. हे काम ती बोली आणि त्या डोंगरवाटा जाणणाऱ्यांचे आहे. आपण त्यांचे हिशेब, कागदपत्रे आणि निधीचे अर्ज सांभाळावेत, त्यांचे पगार वेळेवर होतील हे पाहावे.

तो मुलगा घरी पोहोचला तेव्हा सोबत दिदी होत्या. मी तेथे नव्हतो, आणि माझे तेथे काही कामही नव्हते.